काकवी, केळं आणि दर वीस मिनिटांचा घास: माझी २०० किलोमीटरची तयारी

ताकदीचं खाणं म्हणजे काय, हे कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. धारोष्ण दूध, थंडाई, बदाम, तूप, मटण. माझे बाबा तालमीत वाढलेले. मी २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला, नाव दिलं तेव्हा त्यांनी रस्ता विचारला नाही, सायकल विचारली नाही. म्हणाले, "आगं, दूध-बदाम पोटात न्हाईत तर ताकद येणार कुठनं?"

पैलवानाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं खरंच आहे. त्याला अंग कमवायचं असतं आणि काही मिनिटांच्या झुंजीत ते सगळं पणाला लावायचं असतं. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे, पण २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटांची मुदत असते आणि तेवढा वेळ पाय सारखे फिरते ठेवायचे असतात. त्याला लागणारं खाणं वेगळं, आणि ते खाणं हाच तयारीचा अर्धा भाग आहे असं माझं ठाम मत झालंय. आमच्याकडे सायकलवाले टायर, गिअर, सॅडल यांवर तासन्‌तास बोलतात. पोटाचा विषय मात्र "वाटेत काहीतरी खाऊ" एवढ्यावर संपतो.

सुरुवात मी हिशेबापासून केली. स्नायूंत आणि यकृतात मिळून साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. एका ग्रॅमचे ४ कॅलरी धरले तर १६०० ते २००० कॅलरी. माझ्या वेगाने तासाला ४०० ते ५०० कॅलरी जळतात. काही वाटा चरबीतून येतो, आणि चरबीची शिल्लक बारीक माणसाच्या अंगातही भरपूर असते, पण ती सावकाश जळते. चढ आला, वारा समोरून लागला की शरीर साखरच मागतं. साठा संपला की पाय रिकामे होतात, डोकं जड होतं, उगीच चिडचिड होते. सायकलवाले याला 'बाँक' म्हणतात. जळलं तेवढं सगळं भरून काढणं शक्य नाही आणि गरजेचंही नाही. साठा शेवटपर्यंत पुरवायचा, एवढंच.

तासाला किती खायचं? दोन-अडीच तासांपर्यंतच्या राइडला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पुरतात. त्याहून लांब असेल तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं, पण त्याला एक अट आहे. आतड्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची दारं वेगळी आहेत. ग्लुकोजच्या दारातून तासाला साधारण ६० ग्रॅमच आत जातं, बाकीचं पोटात तसंच राहतं आणि डचमळतं. त्यापुढे जायचं तर फ्रुक्टोज दुसऱ्या दाराने पाठवावं लागतं. साध्या साखरेत ही दोन्ही निम्मी-निम्मी असतात. गुळात आणि काकवीतही मुख्यतः तीच साखर, आणि काकवीत तर थोडी आधीच फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झालेली असते. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागेना. परदेशी जेलच्या, म्हणजे सायकलवर चोखायच्या घट्ट साखरपाकाच्या, महागड्या पुड्या घेण्याचं कारणच काय? करवीर तालुक्यात गुऱ्हाळं आहेत, हंगाम चालू होता.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. सोललेलं मध्यम केळं १०० ग्रॅम, त्यात कर्बोदकं २३ ग्रॅम. उकडलेला बटाटा १०० ग्रॅमला २० च्या आसपास. शिजलेला भात १०० ग्रॅमला २८. काकवीत साधारण एक तृतीयांश पाणी, बाकी बहुतेक साखर, म्हणजे पोह्याच्या मोठ्या चमच्यात, २० ग्रॅममध्ये, १३ ग्रॅम. मधाच्या पिळायच्या छोट्या बाटल्या धुऊन त्यांत काकवी भरली. जर्सीच्या मागच्या खिशात त्या बरोबर बसतात आणि एका हाताने पिळता येतात. ७५० मिलीच्या बाटलीत ५० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. हे सहा-सात टक्क्यांचं पाणी पोटातून लवकर पुढे सरकतं. उसाच्या रसात साखर याच्या दुप्पट असते. रस मीही पिते, पण सायकलवरून उतरून आणि वर साधं पाणी घेऊन.

हे सगळं पोटाला पहिल्याच दिवशी पेलत नाही. पायांसारखं पोटही सरावाने तयार होतं. पहिल्या आठवड्यांत मी तासाला ३० ग्रॅमवर राहिले, मग ४५, मग ६०. चाचणीसाठी जोतिबाचा चढ निवडला, कारण सपाटीवर सगळंच पचतं. दम लागलेला असताना रक्त पायांकडे धावतं आणि पोटाची खरी परीक्षा होते. ६० ग्रॅमवर गेले तेव्हा पोट फुगायचं. वाढवण्याऐवजी मी तोच आकडा धरून ठेवला आणि तासाचं एकदम खाण्याऐवजी दर वीस मिनिटांनी थोडं थोडं खायला लागले. घड्याळात गजर लावला. भूक लागण्याची वाट बघायची नाही, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम. भूक कळेपर्यंत उशीर झालेला असतो. काही आठवड्यांत पोट गप्प झालं.

पाण्यासाठी गगनबावड्याची राइड कामी आली, जाऊन-येऊन ११० किलोमीटर. निघताना आणि आल्यावर वजन केलं. एक किलो घटलं म्हणजे प्यायल्यापेक्षा अंदाजे लिटरभर पाणी जास्त गेलं. त्यावरून माझं प्रमाण थंडीत तासाला अर्धा लिटर, उन्हात पाऊण लिटर असं ठरलं. नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: ओआरएसच्या लिटरभर पाण्यात ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असतं. ते मीठ-पाणी भरून काढतं, इंधन देत नाही. ओआरएसवर विसंबून राइड काढणाऱ्याला खाणं वेगळं लागतंच.

आदल्या दिवशीचं जेवण घरी पटवणं जास्त अवघड गेलं. लांब राइडच्या आधी दिवसभर वजनाच्या किलोमागे ८ ते १२ ग्रॅम कर्बोदकं खावीत असा सल्ला असतो. मी ५८ किलोची, म्हणजे कमीत कमी ४६४ ग्रॅम. हे भाकरी आणि उसळीतून आणायचं तर पोट तुडुंब होतं आणि चोथा दुसऱ्या दिवशी त्रास देतो. म्हणून सकाळी पोहे, दुपारी भात-वरण, मधे केळी, संध्याकाळी शिरा, रात्री लवकर पुन्हा भात. मिसळ, कट, तळण बंद. आई म्हणाली, "आजारी माणसासारखं काय जेवतीस?" तिला मी वही दाखवली. तिने ती नीट वाचली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला उठून गुरगुट्या भात तिनेच केला. भात, मीठ, थोडं तूप, एक केळं, चपातीशी काकवी आणि चहा. सुटायला दोन तास होते.

रस्ता कागल, निपाणी, संकेश्वर असा बेळगावच्या दिशेने आणि परत. पहिले दोन तास इतकं ताजंतवानं वाटतं की खावंसं वाटतच नाही, आणि नेमकं तेव्हाच खायचं असतं. गजर वाजला की घास. तवंदी घाटाच्या आधी केळं संपवलं, घाटात फक्त पाणी, वर पोचल्यावर काकवी. परतीला तोंड फिरवेपर्यंत सगळं आखल्याप्रमाणे चाललं होतं.

साधारण १२० किलोमीटरनंतर गोडाची शिसारी येते. हे होणार हे धरूनच मी मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि जयसिंगपुरी भडंग घेतला होता. भडंग म्हणजे शेवटी तांदूळच, वर मीठ. तोंडाला चव येते आणि गाडी पुढे सरकते. फक्त तो कोरडा असतो, म्हणून थांबूनच खायचा, सोबत पाणी. संकेश्वरच्या पुढे एका टपरीवर दहीभात मिळाला. त्या वाटीची किंमत मला कोणत्याही जेलपेक्षा जास्त वाटते. शेवटचे ५० किलोमीटर पुन्हा काकवी आणि एक कडक चहा. दिवसभरात पाय एकदाही रिकामे झाले नाहीत, आणि मुदतीच्या बऱ्याच आधी, वाटेतल्या थांब्यांवर शिक्के घ्यायच्या ब्रेव्हेच्या कार्डावर शेवटचा शिक्का बसला.

बाबांचं दूध इथे कामाला आलं. राइडनंतर साठा भरायला कर्बोदकं आणि स्नायूंच्या दुरुस्तीला २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. गंगावेशीतलं अर्धा लिटर म्हशीचं दूध जवळपास तेवढी प्रथिनं देतं. बाबा स्वतः मला तिथे घेऊन गेले. रात्री पांढरा रस्सा आणि भात. तांबडा दुसऱ्या दिवशी.

बायकांना एक वेगळं सांगायचंय. वजन उतरवायचं म्हणून लांब राइड उपाशी काढणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. खाणं सतत कमी पडलं की पाळी अनियमित होते, थांबते, हाडं कमकुवत होतात. पाळी थांबणं म्हणजे फिटनेस नव्हे, तेव्हा डॉक्टरकडे जायचं. उपास असेल त्या दिवशी राइड छोटी ठेवा.

आता ३०० ची तयारी चालू आहे. मुदत २० तास, त्यात रात्र आलीच. रात्री गार, गोड काही उतरत नाही, म्हणून थर्मासमधली गरम, खारी तांदळाची पेज सध्या पन्हाळ्याच्या वाटेवर आजमावतेय. तासाला ७० ग्रॅमपर्यंत पोट आलंय.