वाशिष्ठीकाठचं मूळ

परवा रात्री पिंपातल्या मुळावरचा वरवंटा काढला आणि श्वास रोखून बघत राहिले. माशांच्या टाकीसाठी मे महिन्यात नदीकाठून आणलेलं झाडाचं मूळ, श्रावण उजाडला तेव्हा कुठे आपल्या वजनाने तळाशी बसलं. माशांच्या टाकीत लाकूड कसं ठेवायचं हे मला बऱ्याच जणींनी विचारलंय, आणि फोनवर दरवेळी काहीतरी सांगायचं राहतं. म्हणून सगळं इथे लिहिते.

आधी कुठलं घेऊ नये ते. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर आमच्या परसात चिखलात दोन ओंडके अडकले होते, एकाला तर हरणाच्या शिंगांसारखे फाटे. फार मोह झाला. पण नाकाजवळ नेले तर डिझेलचा वास! पुराचं पाणी अख्ख्या चिपळुणातून फिरून आलेलं, आणि भिजलेलं लाकूड जे पितं ते सहजी सोडत नाही. ते ओंडके मी घेतले नाहीत. खाडीच्या अंगाला मिळणारं लाकूड खारं असतं. त्यातलं मीठ काढत बसण्यापेक्षा ते नकोच. खारफुटीला तर हातही लावायचा नाही, तिची तोड बंद आहे आणि ती बंदच राहायला हवी.

म्हणून मी पोफळी गावाच्या दिशेला, नदीच्या वरच्या अंगाला जाते. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी वाशिष्ठीत येतं, त्यामुळे भर मेमध्येही नदी वाहती असते. पण ते पाणी कधी वाढेल ते आपल्याला कळत नाही. पात्रात उतरायचं नाही, काठावर पडलेलं असेल तेवढंच उचलायचं.

तिथे हे मूळ दिसलं. दोन हात लांब, टोकाला पाच फाटे, ऊनपावसाने राखाडी झालेलं. नख रुतवून पाहिलं, रुतलं नाही. दगडावर आपटलं तर ठणठणीत आवाज आला. कुजलेलं लाकूड भदभद वाजतं. गुरं घेऊन आलेले एक काका म्हणाले, "वहिनी, जांभळीचं मूळ आहे ते. काठ ढासळला तेव्हापासून पडलंय, दोन पावसाळे झाले." दोन पावसाळे म्हणजे चीक, साल सगळं गेलेलं. मला नेमकं तेच हवं होतं. पहिल्या वर्षी मी आंब्याची ओली फांदी सोलून तशीच टाकीत ठेवली होती. तीन दिवसांत पाणी दुधाळ झालं. ओल्या लाकडातला गोडवा पाण्यात उतरतो, त्यावर जिवाणू माजतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. चार गेले. ते अजून डोळ्यांपुढे येतं.

घरी आणून ब्रशने घासलं, नुसत्या पाण्याने. साबण अजिबात नाही. खाचांतली माती काढायला जुना टूथब्रश आणि सुई घेतली. मग न्हाणीच्या चुलीवर मोठ्या टोपात उकळलं. मूळ टोपात मावेना, म्हणून दोन तास एक बाजू, दोन तास दुसरी, असं तीनदा. पहिलं पाणी थेट काताच्या रंगाचं निघालं. आमच्या सावर्ड्याला खैर उकळून कात काढतात, ना? रंग देणारी जात तीच, टॅनिन नावाचं लाकडातलं तुरट द्रव्य. आई (सासूबाई) चुलीपाशी बसून म्हणाल्या, "अगं, हे तर औषधाच्या काढ्यासारखं दिसतंय."

त्यानंतर पिंप. वर वरवंटा ठेवून बुडवायचं. पहिला आठवडा रोज पाणी बदलायचं, पुढे चार दिवसांनी. रंग फिका होत जातो आणि लाकूड जड होत जातं. इथे घाई केली तर लाकूड टाकीत तरंगतं, काचेवर आदळतं. ज्यांना इतकं थांबणं शक्य नसेल त्यांनी खाली पाटीच्या दगडाचा तुकडा स्टीलच्या स्क्रूने बसवावा.

काल मूळ टाकीत गेलं. पाणी किंचित पिवळसर झालंय, पण ते मी मुद्दाम राहू देणार आहे. माझे निऑन टेट्रा मासे मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, तिथे असंच पानांचं-मुळांचं पाणी असतं. सहा-सात दिवसांत लाकडावर पांढरा बुळबुळीत थर धरेल. तो आला की लोक घाबरून लाकूड फेकून देतात. फेकू नका, माशांना त्याचा त्रास नाही. गोगलगाई खातात, उरलेला ब्रशने निघतो, काही आठवड्यांत आपोआप थांबतो.

रविवारी वरच्या फाट्याला जावा फर्न हे पाण्यातलं झुडूप बांधायचं आहे, साध्या सुती दोऱ्याने. दोरा कुजेपर्यंत फर्नची मुळं लाकडाला धरतात. आत्ता लिहिताना बघतेय, सगळ्यात खालच्या फाट्याच्या सावलीत तीन टेट्रा जाऊन थांबलेत.