पाटणादेवी पायी, पितळखोरा जीपने

चाळीसगावहून पाटणादेवी सुमारे 18 किलोमीटर. श्रावणातल्या एका रविवारी आमच्या गल्लीतली मंडळी ही वाट पायी करतात. पालखी नसते. पण वीणा, टाळ, पखवाज असतात आणि सगळ्यांच्या पुढे पताका घेतलेले नाना. नाना एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. मागे कोण रेंगाळतंय ते त्यांना मान न वळवता कळतं.

यंदा शेजारची बौद्ध कुटुंबंही आली. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, चालू होता, त्यांना पितळखोऱ्याच्या लेण्यात त्रिशरण म्हणायचं होतं. नाना म्हणाले, "मंग चाला नं! पहिले देवी, मंग लेणी."

अंधारातच निघालो. गाव मागे पडलं तशी दोन्हीकडे कपाशी आणि मका. भूपाळी संपते न संपते तोच "पानी उनं, पानी उनं!" अशी ओरड झाली आणि पखवाज आधी प्लॅस्टिकच्या कागदात गेला, माणसं नंतर. रस्त्याच्या कडेची काळी माती चपलेला अशी धरते की पाय उचलायचा की चपल, हे ठरवावं लागतं. अक्कांनी चपला पिशवीत टाकल्या आणि अनवाणी सगळ्यांच्या पुढे गेल्या. शेतातून एका बाईने विचारलं, "कथा चालनात व्हं?" म्हणजे कुठे चाललात? अक्का म्हणाल्या, "पाटनले!" मग आम्हाला तिथल्या पडवीत गुळाचा चहा मिळाला.

पाटण्याला पोहोचलं की डोंगर तिन्ही बाजूंनी जवळ येतात. हे गौताळा औट्रमघाट अभयारण्य. डोंगरी नदी गढूळ आणि जोरात होती. 2021 च्या ऑगस्टअखेरीस हिनेच तितूर नदीला साथ देऊन चाळीसगावात पाणी घुसवलं होतं, त्यामुळे आमच्याकडे तिच्या काठावर कुणी सेल्फी काढायला लागलं तर वडीलधारे अजून ओरडतात.

चंडिकेचं, म्हणजेच पाटणादेवीचं, दर्शन झालं, ओटी भरली, आरती झाली. गणिती भास्कराचार्य इथलेच, असं चाळीसगावात कुणीही छातीठोक सांगेल. इथला शिलालेख सांगतो ते मला जास्त आवडतं. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला हा लेख शके 1128 चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेख संस्कृतात, पण शेवटी बाजारातल्या मालावरचा कर मठाला द्यायची गोष्ट आली की भाषा मराठी होते. ज्यांच्या खिशातून पैसे जायचे त्यांना कळायला हवं ना!

महादेवाच्या जुन्या देवळाच्या आडोशाला कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मग पाय टेकले म्हणून जीपने कन्नड घाट चढलो.

पितळखोऱ्याला वरून दरीत उतरावं लागतं. पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं, समोर धबधबा कोसळत होता, एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. लेणी इसवी सनापूर्वीची, कड्याचा दगड ठिसूळ, त्यामुळे पुढचा बराच भाग केव्हाच ढासळलाय. चैत्यगृहाच्या खांबांवर रंगाचे पुसट तुकडे उरलेत. दोन खांबांवर ब्राह्मीत दात्यांची नावं आहेत: एक पैठणच्या मित्रदेव नावाच्या अत्तरविक्याच्या कुटुंबाचा, दुसरा तिथल्याच संघकाच्या मुलांचा. खांब राजाने नाही, दुकानदाराने दिलेला. आमच्या भंडाऱ्याची पावती फाडणाऱ्या किराणावाल्या भाऊंना हे ऐकून फार बरं वाटलं.

त्रिशरण-पंचशील झालं. आम्ही मागे हात जोडून उभे होतो. एका दादाने मुलांना सांगितलं की पावसाळ्यात पिकं, किडामुंगी पायाखाली तुडवली जाऊ नये म्हणून भिक्खूंनी एका जागी राहायचं, असा नियम झाला. एक पोरगं पटकन म्हणालं, "मग आपण पावसात कशाला चाललो?" नाना गोरेमोरे झाले. मला मात्र तो प्रश्न दिवसभरातला सगळ्यात चांगला वाटला. वारकऱ्याने नेमकं त्याच दिवसांत घर सोडायचं आणि भिक्खूने त्याच दिवसांत पाय थांबवायचे. दोन्हींना पाऊसच कारण.

विहाराच्या बाहेर, हत्तींच्या रांगेजवळ पाच फण्यांचा नाग कोरलाय. आतलं पाणी फण्यांतून बाहेर पडावं म्हणून मागे दगडात पाट काढलेला. नुकतीच नागपंचमी झाली होती. अक्कांनी पिशवीतली लाही काढलीच. पहारेकऱ्याने हाताने नको म्हटलं, तशी ती लाही पोरांच्या हातावर आली. इथला यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलाय. तो घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराने आपलं नावही त्यावर कोरलंय.

परतीला घाटात ट्रॅफिक अडकलं. जीपमध्ये हरिपाठ झाला, मग बुद्धवंदना, मग पोरांच्या आग्रहाखातर एक अहिराणी गाणं, ज्यावर अक्काही डोलल्या. लेण्यात दुपारनंतर अंधार दाटतो, खांबावरचे रंग नीट दिसत नाहीत, तेव्हा पुढच्या श्रावणात पितळखोरा आधी करावा असं मी सुचवलं. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पहिले देवी."