उठवलं नाहीस

रविवार, रात्री पावणेबारा

झोप येत नाही म्हणून वही काढली. आज मास्तरकडे बसलो होतो. तीस-बत्तीस वर्षं उराशी बाळगलेली एक कॅसेट वाजली आणि तीस-बत्तीस वर्षं मिरवलेली माझी अक्कल निघाली.

टेपरेकॉर्डर माळ्यावर होता. आतला रबरी पट्टा विरघळून डांबर झालं होतं. तपकीर गल्लीत तीन दुकानांनी हात वर केले. चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्याने मात्र चष्मा कपाळावर सरकवून, "ठेवून जा, गुरुवारी या" एवढंच सांगितलं. आणि खरंच गुरुवारी तो चालू झालेला मिळाला. कॅसेटचीही डागडुजी करावी लागली. टेप हेडवर दाबून धरणारी नमद्याची ती चिमुकली टिकली गळून पडली होती, ती फेविकॉलने चिकटवली. सैल पडलेली टेप पेन्सिल घालून फिरवून घट्ट केली. बोटांना अजून आठवतं सगळं.

वर बंड्याच्या तिरक्या अक्षरात गायकाचं नाव आणि दोन्ही बाजूंचे राग लिहिलेत: 'अमीर खाँ. अ: पूरिया. ब: दरबारी.' त्याखाली लाल शाईत 'मिटवू नये', दोनदा अधोरेखित.

ही कॅसेट आमच्या होस्टेलच्या खोलीत कशी आली, ती एक वेगळीच कथा. एलपी बंड्याच्या मामांची. ती घराबाहेर न्यायची परवानगी नव्हती आणि मामांकडे जोडायची वायरही नव्हती. तेव्हा बंड्याने टेपरेकॉर्डर स्पीकरसमोर स्टुलावर ठेवला, लाल बटण दाबलं आणि वीस-बावीस मिनिटं श्वास धरून उभा राहिला. मामींना कोणी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे स्वयंपाकघरात कुकर लागलेलाच होता. तीन शिट्ट्या आहेत टेपमध्ये. पहिल्या दोन आलापात येतात. तिसरी बरोबर समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, तोंडाशी, आणि आम्ही तिघं इतक्या वर्षांत त्या शिट्टीवर दाद द्यायला शिकलोय. बाजू संपल्यावर उरलेल्या जागेत सांगली आकाशवाणीच्या बाजारभावांचा एक तुकडा आहे. गुळाचा भाव अर्धवट तुटतो.

तर आज मास्तर, बंड्या, मी आणि मास्तरची मुलगी. ती आठ वर्षं गाणं शिकतेय, आणि 'बाबांची ती कुकरवाली कॅसेट' तिला एकदा ऐकायची होती. मी अर्थातच सूत्रं हातात घेतली. कोणाला काही ऐकवायचं असलं की माझ्या अंगात येतं. टेप सुरू व्हायच्या आधीच सांगून झालं, की हा झुमरा ताल आहे, चौदा मात्रांचा. लय इतकी संथ की दोन मात्रांच्या मधे माणूस चहा पिऊन येईल. खाँसाहेब १९७४ साली कलकत्त्यात मोटार अपघातात गेले. आणि हा पूरिया ऐकल्यावर दुसऱ्या कोणाचा पूरिया कानाला लागत नाही. टेप सुरू झाल्यावरही माझं चालूच. "आता बघ हं... आता येतंय... हे! ऐकलंस?" आणि सगळा वेळ डोळे तिच्या चेहऱ्यावर. आवडतंय का, पोचतंय का, मान हलली का.

"काका, तुम्ही जरा बोलू नका ना."

मास्तर चहाच्या कपात हसला. मी गप्प. मग ती पाच-सात मिनिटं डोळे मिटून बसली. पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली. डोळे न उघडताच म्हणाली, "पट्टी चढलीय तुमच्या मशीनची." आणि थोड्या वेळाने, "काका, हा पूरिया नाहीये. मारवा आहे."

मी हसलो. मोठ्या माणसांनी हसावं तसं हसलो. आता त्याचीच जास्त लाज वाटतेय.

तिने टेप थांबवली. तंबोऱ्याचं ॲप लावलं आणि गाऊनच दाखवलं. स्वर दोन्हींत तेच, कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. सोहनीतही तेच. पण पूरिया गंधार-निषादावर विसावतो आणि खाली मंद्रात रमतो. मारवा रिषभ-धैवतावर अडून बसतो आणि षड्जाला येता येता टाळतो. "बघा, किती वेळ झाला, सा दिलाय का त्यांनी नीट? तुम्ही वाट बघताय ना? तेच ते." मग टेप पुन्हा लावली. आणि खरंच, गृहस्थ घराच्या दारापर्यंत येतात, कडीला हात लावतात आणि परत फिरतात. इतकी वर्षं ऐकताना माझ्या पोटात जो खड्डा पडायचा, तो ह्या रिषभाचा होता. खड्डा बरोबर होता, पाटी चुकीची.

बंड्या म्हणाला, "मामांनी सांगितलं तसं लिहिलं." मामा आता हयात नाहीत, त्यामुळे प्रकरण तिथेच मिटलं. पण माझं कसं मिटणार? मी ही कॅसेट पूरिया म्हणून किमान दहा जणांना उतरवून दिली आहे. एकदा तर पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला, रमणबागेत, शेजारचा एक म्हातारा पहिल्या दोन आवर्तनांतच "वा, मारवा!" म्हणाला, तेव्हा मी मास्तरला कोपराने ढोसून डोळा मारला होता, की बघ, ह्याला पूरिया कळत नाही. आजोबा, माफी असावी.

निघताना जिन्यात मी बंड्याला सुनावलं, की एवढी वर्षं चुकीचं लेबल गळ्यात मारलंस. तर तो चपला शोधता शोधता म्हणतो, "तू तर बोलूच नकोस. तू उठवलं नव्हतंस मला."

ह्याला म्हणतात स्मरणशक्ती.

सोमवार

आमच्या न्यू जर्सीवाल्या जुन्या मित्राला काल संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याच एलपीची इंटरनेटवरची स्वच्छ प्रत पाठवली होती. मुद्दाम सूर्यास्त गाठून, कारण मारवा सांजवेळचा. त्याचं उत्तर आज वाचलं: "इकडे सकाळचे साडेसात. मारवा ऐकत बर्फ उपसला. पाप लागेल का?"

आणि खाली अजून एक ओळ, "शिट्ट्या कुठे गेल्या?"

त्या स्वच्छ प्रतीत तिसऱ्या शिट्टीच्या जागी फक्त सम आहे. चांगली आहे. सवय व्हायला वेळ लागेल.

आमच्या ग्रुपवर बाकी रोज पाच-सहा दुवे पडतात. कोणी उघडत नाही. मीही नाही उघडत, खाली नुसता नमस्काराचा हात टाकतो. पूर्वी एक कॅसेट फिरत फिरत परत यायला महिना लागायचा, आणि परत आली की ज्याने नेली त्याला प्रश्न विचारले जायचे. मास्तर तर परीक्षाच घ्यायचा. दुसऱ्या बाजूला शेवटी काय आहे सांग. गुळाचा भाव कळला की समजायचं, गड्याने पूर्ण ऐकली.

मंगळवार, दुपारी, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत

'उठवलं नव्हतंस' हे लिहून ठेवलंच पाहिजे, म्हणजे माझी बाजूही कुठेतरी राहील.

सवाई तेव्हा रमणबागेत रात्रभर चालायचा. आम्ही खाली, भारतीय बैठकीत. एक सतरंजी, दोन घोंगड्या, मास्तरच्या आईने दिलेल्या दशम्या, आणि शेजारच्या काकूंकडून न मागता येणारा चिवडा. डिसेंबरची थंडी जमिनीतून वर यायची. तीन रात्री सलग जागणं कोणालाच जमत नसे, म्हणून आमचा करार होता: आळीपाळीने झोपायचं, आणि काही खास लागलं की जागा असेल त्याने बाकीच्यांना उठवायचं. 'खास' कशाला म्हणायचं ते ज्याच्या त्याच्या विवेकावर. मास्तरने एकदा मला नुसता तबला जुळतोय म्हणून उठवलं होतं. चांगला जुळतोय, म्हणे.

शेवटची रात्र सरत आली की सगळा मांडव आपोआप ताठ बसायचा. पहाटे पंडितजी, म्हणजे भीमसेन जोशी, बसायचे, आणि सगळ्यात शेवटी सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवी, ध्वनिमुद्रित. १९५२ साली गेलेल्या माणसाचा आवाज त्या पहाटेच्या गारठ्यात लाउडस्पीकरवरून यायचा आणि हजारो माणसं चपला हातात घेऊन उभी राहून ऐकायची. त्यासाठी कोणाला उठवावं लागत नसे.

माझा गुन्हा त्याच्या आदल्या रात्रीचा, आम्ही तिसऱ्या वर्षाला असतानाचा. पहाटेचे साडेचार वगैरे. मास्तर चहाला गेलेला. बंड्या माझ्या मांडीला डोकं टेकून, घोंगडीत गुरफटून घोरत होता. मंचावर सतार आली आणि ललत सुरू झाला, पहाटेचा राग. दोन्ही मध्यम एकाला लागून एक, पंचम नाहीच. वादक एकाच पडद्यावर तार ओढून एका मध्यमावरून दुसऱ्यावर जायचा, आणि त्या दोघांच्या मधे जी बोटभर जागा असते तिथे थांबून राहायचा. म्हणजे थांबायचा नाही, पण वाटायचं थांबलाय. बंड्या स्वतः सतार शिकत होता तेव्हा. ह्याच्याइतकं 'खास' त्याच्यासाठी दुसरं काहीच नव्हतं, आणि मला ते माहीत होतं.

तासाभराने टाळ्यांनी तो जागा झाला. "काय झालं?" मी म्हटलं, "ललत." तो काही बोलला नाही. घोंगडीची घडी घातली, फार नीट घातली, आणि चहाला निघून गेला.

मी तेव्हा सांगितलं, की तू दमला होतास, दया आली. हेच मी आजवर सांगत आलोय. खरं कारण असं की, त्याला हलवायला हात उचलला असता तर माझी एक मींड, सुरावरून सुरावर सरकत जाणारी ती ओढ, हुकली असती. बस, एवढंच. उठवणं सोपं होतं, डोकं माझ्याच मांडीवर होतं.

आता ती संधीही राहिलेली नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, आणि रात्रभराच्या मैफली सरल्या. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत मिळते तेवढीच. रमणबागही सुटली, सवाई मुकुंदनगरला गेला. मी त्याबद्दल गळे काढणाऱ्यांतला नाही. शेजारी राहणाऱ्यांनाही झोप लागते, त्यांनाही म्हातारे आईबाप असतात. शिवाय सुट्टीच्या दिवशी आता दुपारपासूनच गाणं सुरू होतं, त्यामुळे पूर्वी सवाईत क्वचित कानावर पडणारे भीमपलास, मुलतानी, आणि हो, मारवासुद्धा त्यांच्या वेळेला ऐकायला मिळतात. फायदाच आहे. पण ललत गेला. पहाटेचे राग ऐकायला आता दिवाळी पहाट उरली, आणि तिथे ललत सुरू होऊन रंगायच्या आत कोणीतरी अभंगाची चिठ्ठी पाठवतं.

साहेब आले. वही बंद.

शुक्रवार, पहाट

पाच चाळीस. पाणी तापायला ठेवून मोबाइलवर आकाशवाणीची रागम वाहिनी लावली. सवयीने, निम्मा झोपेत. सतार. दोन मध्यम.

गॅस बंद केला. ओट्याला टेकून उभा राहिलो. वादक कोण ते कळलं नाही, निवेदन माझ्या आधीच होऊन गेलं असणार. आलाप अजून खालच्या अंगालाच होता, म्हणजे नुकता सुरू झालेला. वेळ होता अजून.

पाचेक मिनिटं तसाच ऐकत राहिलो. मग बायकोचा फोन चार्जिंगवरून काढला आणि त्यावरून बंड्याचा नंबर फिरवला, म्हणजे माझ्या फोनवर ललत चालू राहील. ऐकणं हुकू न देता उठवायची सोय तेव्हा नव्हती, आज आहे.

बराच वेळ रिंग गेली. उचलला वहिनींनी. आवाज घाबरलेला. "कोण? काय झालं? सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत वहिनी, बरे आहेत. बंड्या कुठाय?"

"झोपलेत हो. रात्री दीडला आलेत मुंबईहून. गाडी लेट होती." मागे घोरणं ऐकू येत होतं. तेच. सुरात काडीचा फरक नाही. "तुम्हाला काही काम होतं का? उठवू का त्यांना?"

इकडे सतार तीव्र मध्यमावर पोचत होती.

"उठवा," म्हटलं.