वर्षअखेरची नोंद: ‘स्मृतिचित्रे’चा गुंता सुटला (बहुतेक)

सुटला एकदाचा! आमच्या वाचनगटात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’च्या वेगवेगळ्या प्रतींची पानं जुळत नव्हती. गेले काही महिने ज्या गुंत्याच्या नावानं इथे बोटं मोडत होते, तो हाच, आणि तो या रविवारच्या बैठकीत सुटला. त्या उत्साहातच वर्षाचा हिशेब मांडायला बसले आहे.

यंदाचं सूत्र तुम्हाला माहीत आहेच: बायकांची आत्मकथनं. रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’पासून (१९१०) ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’पर्यंत (२००३), प्रती हाती लागतील त्या क्रमानं. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ सगळ्यांनी पानकोटा (म्हणजे एका बैठकीसाठी वाचायची ठरलेली पानं) धाब्यावर बसवून संपवलं. बेबीताई कांबळ्यांच्या ‘जिणं आमुचं’ला सोडचिठ्ठी द्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. त्यात ‘मी’पेक्षा ‘आम्ही’च जास्त बोलतो, मग याला आत्मकथन म्हणायचं का, यावर इतकं वाजलं की चहा दोनदा गरम करावा लागला. माझ्या मते म्हणायचंच. स्वतःपुरतं लिहायची चैन सगळ्यांनाच परवडते असं नाही.

आता ‘स्मृतिचित्रे’. आम्ही नाशिकचे, लक्ष्मीबाईंचं माहेर जलालपूर इथून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे हे पुस्तक आपलंच, झरझर होईल असा सगळ्यांचा समज. पहिल्याच बैठकीत घोळ झाला. एकीनं रंगवून सांगितलेला प्रसंग दुसरीला तिच्या प्रतीत शोधून सापडेना. तिसरीकडे तो होता, पण आटोपता. पानकोटा चाळीसचा, पण माझी चाळीस पानं आणि शेजारणीची चाळीस पानं यांत काही वर्षांचं अंतर! कुणी अजून सासुरवाशीण लक्ष्मीबाईंजवळ, तर कुणी त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक यांच्या ख्रिस्ती धर्मांतरापाशी पोचलेली.

मूळ पुस्तक चार भागांचं. ते १९३४ पासून निघू लागलं, लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या. पुढे संक्षिप्त आवृत्त्या आल्या आणि नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केलेली संपूर्ण, टिपांसह ‘अभिनव आवृत्ती’ही आली. आमच्या बैठकीत यातलं सगळंच हजर होतं. शिवाय एका ऑनलाइन विक्रेत्यानं फोटो जाड पुस्तकाचा दाखवून पाठवलं सडपातळ. परत घ्यायला तयार, पण पाठवणीचा खर्च आपला. ई-बुकवाल्या दोघींची तर तऱ्हाच न्यारी: अक्षराचा आकार वाढवला की पानांची संख्याही वाढते. ई-बुक एकटीनं वाचायला उत्तम, पण गटात पान सांगायची वेळ आली की निव्वळ डोकेदुखी.

आधी पानांऐवजी भाग धरून पाहिले. जमलं नाही, कारण एका प्रतीत भागांच्या खुणाच नीट दिसत नव्हत्या. मग प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ ग्रुपवर टाकायची टूम निघाली. दोन दिवसांत ग्रुप इतका तुंबला की निम्म्या जणींनी आवाज बंद केला. सगळ्यांनी संपूर्ण आवृत्तीच घ्यावी, हा माझा आग्रह खर्चाच्या मुद्द्यावर पडला, आणि ते योग्यच होतं.

तोडगा काढला आमच्यातल्या निवृत्त बँकवाल्या काकूंनी. पान नको, भाग नको, आयुष्यातल्या घटना धरा, म्हणाल्या. वहीचं पान आडवं धरून त्यांनी रकाने आखले: जलालपूरचं घर आणि वडिलांचं सोवळं, १८८० सालचं लग्न, टिळकांची १८९५ ची दीक्षा, ताटातुटीची वर्षं, लक्ष्मीबाईंचा स्वतःचा ख्रिस्ती होण्याचा निर्णय, नगर, घरात येऊन राहिलेले बालकवी, १९१९ मध्ये टिळकांचं जाणं, कराची. प्रत्येकीनं आपापल्या प्रतीतलं पान रकान्यात लिहायचं. बस. आता ‘ताटातुटीच्या अखेरीपर्यंत’ म्हटलं की सगळ्या तिथेच येऊन थांबतात, कुणी साठ पानं वाचून तर कुणी पंचवीस.

याचा एक फायदा ध्यानीमनी नव्हता. रकाने शेजारी शेजारी आले आणि कुठे किती कात्री लागली ते उघडच दिसायला लागलं. रविवारी बैठकीचा उत्तरार्ध त्यातच गेला. ताटातुटीचा एक प्रसंग आधी संक्षिप्त प्रतीतून मोठ्यानं वाचला, मग संपूर्ण प्रतीतून. गोष्ट तीच, पण दुसऱ्या वाचनात हशा जास्त. घरातली फुटकळ भांडणं, टिळकांचं विसरणं, लक्ष्मीबाईंची स्वतःवरच केलेली थट्टा हे सारं गाळायला सोपं, आणि पुस्तकाचा जीव नेमका त्यातच. संक्षिप्त आवृत्ती वाईट नव्हे, प्रवासात बरी. पण पहिल्यांदाच वाचणाऱ्याला ती देऊ नका.

पुढच्या वर्षासाठी प्रवासवर्णनं ठरली होती. ठरली होती म्हणतेय, कारण हे लिहितानाच डोक्यात किडा वळवळतोय. काकूंचे रकाने दोन वेगळ्या पुस्तकांना का लावू नयेत? धोंडो केशव कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ १९१५ चं, आनंदीबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’ १९४४ चं. १८९३ मध्ये दोघांचं लग्न झालं, विधवाविवाह म्हणून गाजलं, पुढचा संसारही एकच. डावीकडे धोंडो केशवांचं पान, उजवीकडे आनंदीबाईंचं. कुठला रकाना कुणाकडे रिकामा राहतो ते पाहायचं. प्रवासवर्णनवाल्या रागावतील, त्यांना एप्रिलनंतरचे महिने देऊन टाकू.

जानेवारीची बैठक मात्र जलालपुरातच घ्यायची, गोदेकाठी, डबे घेऊन. ‘आत्मवृत्ता’ची जास्तीची प्रत कुणाकडे असेल तर कळवा. मुखपृष्ठाचा फोटो नको. आतलं आवृत्तीचं पान आणि शेवटच्या पानाचा आकडा पाठवा. त्याशिवाय पैसे पाठवणार नाही.