तुम्ही विचारलंत म्हणून: जास्त ॲव्हरेजची गाडी घेतली तर पैसे वाचतात का?

बँकेतली बरीचशी नोकरी वाहनकर्जाच्या टेबलावर झाली, त्यामुळे निवृत्तीनंतरही हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, भाच्या-पुतण्यांच्या फोनवर, सगळीकडे तोच. "मावशी, आत्ताची गाडी चौदाचं ॲव्हरेज देते. नवी सीएनजी घेतली तर पेट्रोलचे पैसे वाचतील ना?"

पेट्रोलचे वाचतील. तुमचे वाचतील का, ते कागदावर मांडून बघू.

हा भाचा धायरीत राहतो, आठवड्यातून दोन-तीनदा हिंजवडीला ऑफिस, बाकी घरची कामं आणि सुट्टीत एखादी कोकणवारी. वर्षाला 10,000 किलोमीटर धरा. चौदाच्या ॲव्हरेजने 714 लिटर पेट्रोल लागतं. लिटरला 105 रुपयांनी झाले 75,000. नवी सीएनजी किलोला 24 किलोमीटर गेली आणि किलोचा दर 90 धरला, तर खर्च 37,500. म्हणजे निम्मा. इथवर भाच्याचं गणित बरोबर असतं आणि इथेच तो थांबतो, कारण शोरूममधला मुलगाही इथेच थांबलेला असतो.

आता पुढचं. जुनी गाडी विकून, थोडी शिल्लक घालून वर सहा लाखांचं कर्ज लागणार. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण 12,455. पाच वर्षांत नुसतं व्याज जातं 1,47,000 च्या वर आणि त्यातले जवळजवळ 50,000 पहिल्याच वर्षात. इंधनात वाचले साडेसदतीस, व्याजात गेले पन्नास. व्याज पुढे उतरत जातं, हे खरं, पण घसारा, म्हणजे वर्षागणिक उतरणारी गाडीची किंमत, अजून मोजलेलाच नाही.

घसारा बघायचा तर विम्याचा कागद काढा. त्यात 'आयडीव्ही' म्हणून एक आकडा असतो, विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत. नवी गाडी सहा महिन्यांची व्हायच्या आत ती पाच टक्क्यांनी उतरवतात, वर्षाच्या आत पंधरा, दुसऱ्या वर्षात वीस, तिसऱ्यात तीस, चौथ्यात चाळीस आणि पाचव्यात पन्नास टक्के. आठ लाखांची गाडी पाच वर्षांत चार लाखांची. बाजारात विकताना थोडं इकडेतिकडे होतं, पण वर्षाला 80,000 रुपये गाडी उभ्या-उभ्या खाते, असं समजायला हरकत नाही. जुन्या गाडीचा हा भार तुम्ही कधीच उचलून झाला आहात. आता ती वर्षाला फार तर वीस-पंचवीस हजारांनी उतरेल. एखाद्या वर्षी क्लच प्लेट आणि चार टायर बदलायला लागले, तरी जुनीच स्वस्त पडते.

मग गाडी बदलून फायदा कोणाचाच होत नाही का? होतो. कोणाचा, ते समजायला 'ॲव्हरेज' हा आकडा जरा उलटा करून बघावा लागतो. लिटरला किती किलोमीटर, याऐवजी हजार किलोमीटरला किती लिटर. दहाचं ॲव्हरेज देणारी जुनी जीप शंभर लिटर पिते. चौदाची घेतली तर एकाहत्तर. एकोणतीस लिटर वाचले. आता अठराची गाडी काढून चोवीसची घ्या. ॲव्हरेज चारने नव्हे, सहाने वाढलं, पण लिटर वाचले फक्त चौदा. 2008 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या लॅरिक आणि सोल या दोघांनी 'सायन्स' नियतकालिकात हेच दाखवलं होतं, की मैल-प्रति-गॅलन हा आकडा बघून माणसं बचतीचा अंदाज चुकवतात. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजतात. आपण मात्र पंपावर, गॅरेजमध्ये, जावयाच्या गाडीला हात लावून, एकच विचारतो: "किती देते?"

म्हणून बारामतीकडच्या माझ्या दिरांना मी गाडी बदला म्हणाले. त्यांची डिझेलची जुनी गाडी जेमतेम दहा द्यायची आणि शेत, मार्केट यार्ड, नातेवाईक मिळून वर्षाला वीस हजारांवर फिरायची. चौदाची घेतल्यावर वर्षाला 570 लिटर डिझेल वाचतं, म्हणजे पन्नास हजारांच्या वर. शिवाय त्यांनी चार वर्षं वापरलेली गाडी घेतली. तिचा मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला होता.

आणखी एक. ब्रोशरमधलं ॲव्हरेज हिशोबात घालू नका. तो आकडा प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चालवून काढतात, एसी बंद ठेवून, ताशी नव्वदच्या वर न जाता. गाड्यांची अशी तपासणी करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात ज्या टेकडीवर आहे, तिथे आम्ही पुणेकर रोज फिरायला जातो, पण खाली उतरून कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की तो आकडा टेकडीवरच राहतो. आपल्या गाडीचं खरं ॲव्हरेज काढायचं तर टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, नेहमीसारखी चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा फुल करा. आधी टायरची हवा बघा. हवा कमी असली की गाडी जास्त पिते आणि आपण दोष इंजिनाला देतो.

हल्ली एक नवं कारण ऐकते: "ई20 आल्यापासून ॲव्हरेज पडलं, म्हणून बदलतोय." ई20 म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे थोडं पडणारच. पण नवी पेट्रोल गाडीही तेच पेट्रोल पिणार आहे. ई20 साठीच बनवलेल्या इंजिनात घट कमी जाणवते, एवढाच फरक.

जुनी गाडी खरंच थकली असेल, पंधरा वर्षांचं पासिंग जवळ आलं असेल, किंवा घरात लहान मूल आहे आणि सहा एअरबॅग हव्या आहेत, तर प्रश्नच वेगळा. तेव्हा गाडी घ्यायची ठरलेलीच असते. तुलना फक्त पेट्रोल मॉडेल आणि सीएनजी मॉडेल यांच्यात करायची. सीएनजी साधारण 90,000 ने महाग असते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स आहे आणि सीएनजीला त्याहून कमी, त्यामुळे यातले थोडे तिथेच सुटतात. नवी पेट्रोल गाडी एकोणीस देते असं धरलं, तर भाच्याच्या दहा हजार किलोमीटरला सीएनजीत वर्षाला जेमतेम 18,000 वाचतात. वरचे पैसे वसूल व्हायला चार-पाच वर्षं. रोज हिंजवडीला जाऊन वीस हजार किलोमीटर होणाऱ्याला निम्माच वेळ.

त्यात पंपावरची रांग धरलेली नाही, डिकीतली गेलेली जागा धरलेली नाही, दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, धरलेली नाही. आणि सीएनजी घरात आली की "चल ना, सीएनजीच तर आहे" म्हणत वाढणाऱ्या फेऱ्या तर कोणीच धरत नाही.

एवढं सगळं सांगूनही भाचा गाडी घेणारच असेल, तर जुनी विकताना विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र आठवणीने घे, एवढंच सांगते. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम केला नसेल तर नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियमवर, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीच्या विम्याच्या हप्त्यावर, पन्नास टक्के सूट मिळते. एक्सचेंजच्या गडबडीत हे कोणी आपणहून सांगत नाही, आणि पत्र तीन वर्षं चालतं.