सांबारवडी फ्रीझरमध्ये का टिकत नाही

अमेरिकेतल्या मिनियापोलिस आणि आजूबाजूच्या गावांत जी काही नागपूरकर घरं आहेत, तिथे जेवायला गेलं की मला एक प्रश्न हमखास येतो. फ्रोझन समोसा मिळतो, कचोरी मिळते, पुरणपोळीसुद्धा मिळते, मग सांबारवडी का नाही? (सांबार म्हणजे आमच्या नागपुरात कोथिंबीर, ती बेसन-मैद्याच्या पारीत भरून तळली की सांबारवडी.) तो मलाच विचारतात, कारण माझं पोट या कामावरच चालतं. नागपूरच्या एलआयटीतून, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून, फूड टेक्नॉलॉजी केलं आणि आता इथल्या एका फ्रोझन स्नॅकच्या कंपनीत प्रॉडक्ट डेव्हलपमेंट करते. पिठात काही भरायचं, पिठावर काही थापायचं, वरून काही लेप द्यायचा आणि ते सगळं महिनोन् महिने टिकवायचं. जेवणाच्या ताटावर या प्रश्नाचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून एकदाचं लिहून काढते.

हे शहर मुळात पिठाचंच. मिसिसिपी नदीच्या धबधब्यावर इथल्या गिरण्या चालायच्या, आणि साधारण १८८० ते १९३० या काळात मिनियापोलिसला जगातली पिठाची राजधानी म्हणत. १८७८ मध्ये इथल्या वॉशबर्न ए गिरणीत हवेत उडालेल्या पिठाने पेट घेतला, स्फोट झाला, अठरा माणसं गेली. त्या जागेवर पुन्हा गिरणी उभी राहिली, आणि तिच्या जळक्या भिंतींत आता म्युझियम आहे. नागपूरहून कोणी आलं की मी आधी तिथे नेते.

पुढे गिरण्या थंडावल्या, पण पिठाचं डोकं इथेच राहिलं. याच मिनेसोटा राज्यातल्या डुलुथचे जेनो पॉलुची हे इटालियन मजुराचे चिरंजीव. त्यांनी आधी चायनीज जेवणाचे डबे विकून कंपनी मोठी केली, ती १९६६ मध्ये विकली, आणि एगरोल या चायनीज तळलेल्या रोलच्या पारीत पिझ्झाचं सारण भरून पिझ्झा रोल बाजारात आणले. आज इथल्या प्रत्येक शाळकरी पोराच्या घरी ते असतात. यात नवं पीठ नव्हतं, नवं सारणही नव्हतं. एकाची पारी दुसऱ्याच्या सारणाला दिली, एवढंच.

मला जास्त मोलाचं वाटतं ते रोझ टोटिनो यांचं काम. शाळा लवकर सोडून लोकांच्या घरी साफसफाई करणारी ही बाई. १९५१ मध्ये नवऱ्यासोबत मिनियापोलिसच्या ईशान्य भागात पिझ्झाचं दुकान काढायचं ठरवलं, तेव्हा पिझ्झा म्हणजे काय हे बँकेतल्या साहेबांना कळावं म्हणून त्या घरून पिझ्झा भाजूनच घेऊन गेल्या. दुकान चाललं, मग फ्रोझन पिझ्झा सुरू केला, आणि १९७५ मध्ये धंदा पिल्सबरी या इथल्या मोठ्या पिठाच्या कंपनीने घेतला. रोझबाई त्या कंपनीच्या पहिल्या महिला व्हाइस प्रेसिडेंट झाल्या. पण त्यांच्या मनात एक गोष्ट सलत होती. फ्रोझन पिझ्झाचा तळ पुठ्ठ्यासारखा लागायचा. सॉसचं पाणी आधीच भाजून ठेवलेल्या पोळीत मुरायचं आणि ओव्हनमध्ये घातल्यावर वरचं चीज वितळलं तरी खालचा भाग चिवटच राहायचा. मग कंपनीच्या तंत्रज्ञांसोबत बसून त्यांनी पोळी भाजण्याऐवजी तळून घेतली. १९७९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. तळताना पिठातलं पाणी निघून जातं आणि त्याची जागा तेल घेतं. वरून येणाऱ्या सॉसच्या पाण्याला आधी तेल भेटतं, पीठ नंतर.

भरलेल्या आणि थापलेल्या पिठाच्या पदार्थांतली निम्मीअधिक कला ही अशी पाण्याला अडवण्याची आहे. लोकांना वाटतं नावीन्य म्हणजे चीजऐवजी पनीर, पनीरऐवजी टोफू. सारण कोणीही बदलू शकतो. सारणातलं पाणी पारीत जाऊ न देणं हे खरं काम आहे.

किती पाणी आहे यापेक्षा ते किती मोकळं आहे, हे महत्त्वाचं. आमच्याकडे त्याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात आणि ती शून्य ते एक अशी मोजतात. शुद्ध पाण्याची एक. ताज्या पालेभाजीची जवळपास तेवढीच. जॅम हाताला ओला लागतो, पण साखरेने पाणी धरून ठेवलेलं असतं, म्हणून त्याची ०.८ च्या आसपास. कुरकुरीत तळलेली पारी ०.४ च्या खाली असली तरच कुरकुरीत लागते. आता ओली भाजी आणि कोरडी पारी एकमेकींना चिकटवून ठेवा. दोघींची पातळी सारखी होईपर्यंत पाणी इकडून तिकडे सरकत राहणार. फ्रीझरमध्ये ते खूप हळू सरकतं, पण थांबत नाही.

तुम्ही नागपुरात सीताबर्डीवर कॉर्नेटो, ते कोनातलं आइस्क्रीम, खाल्लं असेल. त्याच्या कोनाला आतून चॉकलेटचा पातळ थर असतो, तो चवीसाठी आहे असं वाटतं. नेपल्सच्या स्पिका नावाच्या आइस्क्रीमवाल्यांनी १९५९ मध्ये तेल, साखर आणि चॉकलेटचा तो लेप कोनाच्या आतून दिला, कारण त्याआधी आइस्क्रीमने कोन लोळागोळा व्हायचा आणि कोनासकट आइस्क्रीम साठवून विकणं शक्यच नव्हतं. एका लेपाने पदार्थ दुकानातून फ्रीझरमध्ये गेला, फ्रीझरमधून जगभर.

आता सांबारवडी.

समोश्यात बटाटा असतो. शिजलेल्या बटाट्याचा स्टार्च फुगून बरंचसं पाणी आपल्यापाशी धरून ठेवतो, म्हणून समोसा गोठवणं त्यामानाने सोपं. सांबाराच्या पानात वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, आणि ते धरून ठेवायला पातळशा पेशीभिंतींशिवाय काही नाही. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं. घरच्या फ्रीझरमध्ये गोठणं हळू होतं, बर्फाचे खडे मोठे होतात आणि पेशी फुटतात. वडी तेलात सोडली की ते सगळं पाणी एकदम मोकळं. पारी सेट व्हायच्या आधी वाफ होते आणि जोड उसवतो. नाही उसवला तर दुसरीच तक्रार. गोठवून तळलेली वडी मधोमध कापून भिंगाखाली धरली, की बाहेरून छान लालसर पारी दिसते, पण सारणाला लागून जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा पिवळट, चिकट पट्टा असतो. तो तळून जात नाही. जास्त वेळ तळलं तर बाहेरचं करपतं, पट्टा तसाच.

वर चिंच. आंबटात आणि उष्णतेत पानातल्या हिरव्या रंगद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि रंग शेवाळी होतो. भाज्या गोठवण्याआधी उकळत्या पाण्यातून काढायची रीत आहे, पण सांबाराचं तसं केलं तर त्याचा वासच जातो. वास गेला तर मग सांबारवडीत उरलं काय?

नागपूरच्या महाल भागात माझी मामी हिवाळ्यात सांबारवडीच्या ऑर्डरी घेते. तिला मी फोनवर खोदून खोदून विचारत असते. रात्री सांबार धुऊन जुन्या धोतरावर पसरून ठेवायचा, सकाळी पान हाताला कोरडं लागलं की मगच बारीक चिरायचा. खोबरं, तीळ, खसखस भाजूनच. चिरलेल्या सांबारावर आधी गरम तेलातली फोडणी, मग बाकीचं. पारीला आतून तेल आणि मसाला, चिंचेचा कोळ घट्टच. आणि मीठ सगळ्यात शेवटी. “मीठ टाकलं का पाणी सुटतेच बाई. दहाच वड्यांपुरतं सारण काढायचं, त्यातच मीठ टाकायचं, भरून होतपर्यंत दुसऱ्याला हातच नाही लावायचा.” मी विचारलं, काऊन गं मामी, सगळ्यात एकदम टाकलं तर? “तं मग पुडे फुटतात तेलात. तू तिकडे एवढं शिकून राहिली न, पाह्य करून.”

करून पाहिलं. पानांना आधी तेलाचा लेप देणं, भाजलेल्या खसखस-खोबऱ्याने उरलेला ओलावा टिपून घेणं, पारीच्या आतून स्निग्ध थर, मीठ उशिरा. यातली एकेक पायरी आमच्या प्रयोगशाळेत वेगवेगळ्या नावांनी होते आणि प्रत्येक बरोबर आहे. पण मामीची वडी त्याच दिवशी कढीसोबत खाऊन संपते. तीन महिने टिकवणं हे वेगळं गणित आहे, आणि ते नागपुरात अजून नीट सोडवलेलं माझ्या पाहण्यात नाही.

माझा स्वतःचा कौल असा: पारीच्या आतला थर पातळ तेलाचा नको, निवल्यावर थिजणाऱ्या तुपाचा हवा. थिजलेली चरबी पाण्याला जितकी अडवते तितकं पातळ तेल अडवत नाही. नुसत्या पाम फॅटने काम जास्त चोख होतं, पण ते टाळूला मेणासारखं चिकटतं, आणि सांबारवडीत मला ते चालणार नाही. सारण तेलात उकळून बाहेर येऊ नये म्हणून इथे मिथाइलसेल्युलोज वापरतात. गंमतीचा पदार्थ आहे, तापला की घट्ट होतो आणि निवला की परत पातळ. पण आपल्याकडे भाजलेलं बेसन बहुतेक तेच काम करतं आणि चवीत भर घालतं, म्हणून मी आधी बेसनाकडे जाईन.

दुसरी अडचण मशीनची. जपानमधले तोराहिको हायाशी हे मिठाई करणारे. डाळीचं गोड सारण भरलेली मांजू ही तिथली मिठाई हातानेच वळायचे. मशीनने दाबलं की पीठ बिघडायचं, कारण पीठ थोडं वाहतं आणि थोडं ताणून परत येतं. वाहणाऱ्या पदार्थांच्या शास्त्राला रिऑलॉजी म्हणतात. हायाशींनी तेच शास्त्र धरलं आणि १९६३ मध्ये उत्सुनोमिया शहरात रेऑन नावाची कंपनी काढली. त्यांच्या मशीनमध्ये आतल्या नळीतून सारण येतं, बाहेरच्या नळीतून पीठ, म्हणजे सारण भरलेली सलग नळीच खाली उतरते. आजच्या मशीनमध्ये खाली एक गोल झडप असते. ती चहूबाजूंनी सावकाश मिटते, पीठ ओढून सारणावर आणते आणि गोळा तोडते. जोड असा राहतच नाही. मी पहिल्यांदा ही झडप चालताना पाहिली तेव्हा बराच वेळ तिथून हलले नाही. आपण मोदकाच्या कळ्या मिटतो त्या हालचालीचा एवढा जवळून अभ्यास कोणीतरी केला होता. याच विचाराने त्यांनी पुढे पोळी लाटायचीही मशीन केली. रोलरखाली पीठ चिरडण्याऐवजी वेगवेगळ्या गतीच्या पट्ट्यांवरून नेऊन ते हळूहळू ताणायचं.

पण सांबारवडी गोळा नाही, पुडा आहे. बेसन-मैद्याची पारी ताणली की फाटते, कारण बेसनात ग्लुटेन नाही आणि मोहनाने मैद्याचंही तोडलेलं. शिवाय सांबाराचं सारण नळीतून पंपाने ढकललं, की तिथेच पिळून पाणी निघतं. म्हणजे मामीने रात्रभर धोतरावर कमावलेलं सगळं दोन सेकंदांत गेलं. मला वाटतं यासाठी सॉसेज रोलच्या लाइनसारखी मांडणी चालेल. पारीची लांब पट्टी, तिच्यावर सारण दाबून नाही तर वरून ओघळत पडणारं, दोन्ही बाजूंनी घडी घालणाऱ्या पट्ट्या आणि शेवटी पाती. नंतर अर्धवट तळून उणे ३५ अंश सेल्सिअसच्या वाऱ्यात झटपट गोठवायचं, म्हणजे बर्फाचे खडे बारीक राहतील.

एलआयटीत प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांनी हा खरंच घ्यावा. तिथे तेलाचा विभाग आणि फूडचा विभाग एकाच आवारात आहेत, आणि हे काम दोघांचं मिळून आहे. तुपाचा थर किती जाड, सारणाची वॉटर ॲक्टिव्हिटी खसखशीने किती खाली येते, चिंच पारीला लावायची की वेगळ्या पुडीत द्यायची. डिसेंबर-जानेवारीत गोकुळपेठच्या बाजारात सांबाराच्या जुड्या कवडीमोल होतात, तेव्हा हे सगळं करून बघायला माल ढीगभर आहे.

तोवर घरच्यासाठी मी करते ते असं. सारण मामीच्या रीतीने. पारीला आतून तूप आणि मसाला, चिंच अजिबात नाही, ती कढीसोबत चटणी म्हणून. पुडे मंद आचेवर फिकट रंगापर्यंत तळून पूर्ण निवू द्यायचे, वाफ राहिली तर तीच बर्फ होते. मग ताटात एकमेकांना न लागता ठेवून दगडासारखे गोठवायचे आणि त्यानंतरच डब्यात भरायचे. खाताना बाहेर काढून वितळू द्यायचे नाहीत, थेट मध्यम तेलात, एका वेळी चार-पाचच, म्हणजे तेल गार पडत नाही. तीनेक आठवडे चांगल्या राहतात, पुढे वास उतरायला लागतो. कढी मात्र गोठवू नका, ताक फाटतं.