तुम्ही विचारलंत म्हणून: डाळ-पनीर वाढवू का?

नाशिकला आले की गंगापूर रोडच्या घरी ऑटिझम असलेल्या मुलाची कुणी ना कुणी आई भेटायला येतेच. ऑटिझममध्ये मेंदूतली प्रथिनं कशी बदलतात, हे मी प्रयोगशाळेत तपासते. त्यामुळे प्रश्न ठरलेला: "ताई, मेंदूतलं प्रोटीन कमी पडतं ना, मग डाळ-पनीर वाढवू? पावडर देऊ?" परवा एकीने तीन महिन्यांची पावडरची बिलं पुढे ठेवली. पोटात कालवलं माझ्या.

नका देऊ. ताटातलं प्रोटीन पचून त्याची सुटी अमिनो आम्लं होतात. मी मोजते ते शँक-३ नावाचं प्रथिन मज्जापेशी आपल्याच जनुकावरून घडवते. त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असेल, तर ती डाळीने दुरुस्त होत नाही.

दिंडोरीकडचा द्राक्षाचा मांडव आठवा. नजरेत भरतात ते घड, भार पेलतात अँगल आणि तारा. दोन मज्जापेशी जिथे जोडल्या जातात, तिथे संदेश टिपणारे रेणू जागच्या जागी धरून ठेवणारा मांडव म्हणजे शँक-३. तारा सैल पडल्या की वेल जगतो, पण त्याचा तोल जातो.

शँक-३ मोजायला उंदराच्या मेंदूचा मसुराएवढा तुकडा उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधून काढते आणि बर्फावरच घोटते. थंडावा सुटला की पेशीतली विकरंच प्रथिनं तोडायला लागतात. मग जेलमधून प्रथिनं आकारानुसार वेगळी करायची, पातळ पडद्यावर उतरवायची, तो पडदा रात्रभर अँटिबॉडीत, म्हणजे हव्या त्या प्रथिनालाच चिकटणाऱ्या रेणूंत, ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पट्टे उमटतात. एक प्रत बिघडलेल्या उंदरात शँक-३चा पट्टा फिकट असतो. तरी त्याच नमुन्यातला अ‍ॅक्टिनचा, म्हणजे सगळ्याच पेशींत असणाऱ्या प्रथिनाचा, पट्टा सारखा आहे ना, हे पाहिल्याशिवाय मी वहीत आकडा लिहीत नाही. नमुनाच कमी पडला असेल, तर काय घ्या!

खोटी आशा मला दाखवता येत नाही. ऑटिझम असलेल्या शंभरांत जेमतेम एकाला शँक-३चा दोष असतो. ऑटिझमशी जोडलेल्या फ्रॅजाइल एक्स या जनुकीय आजारात हरवतं ते प्रथिन वेगळंच. त्या आजारात उंदरांना गुण देणारं मावोग्लुरंट हे औषध माणसांवरच्या चाचण्यांत टिकलं नाही; २०१४ मध्ये ते काम थांबलं.

त्या आईला म्हटलं, पावडरीचे पैसे स्पीच थेरपीला लावा, आणि जनुकीय तपासणीचं डॉक्टरांना विचारा. ती बिलांची घडी घालत म्हणाली, "मग पनीर बंद करू?"

"त्याला आवडतं?"

"फार."

"मग खाऊ दे की."